ॲकॅसलोंपोलो : आर्क्टिक वृत्तापलीकडच्या स्कीगावात डिसेंबरात जावे की मार्चमध्ये?

उंबरठा (धागाकर्ता)

गेल्या वर्षभरात लॅपलँडच्या, म्हणजे फिनलंडच्या उत्तर भागातल्या, हिवाळी सहलीविषयी मला व्यक्तिगत निरोपांतून इतके प्रश्न आले, की प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा एकच धागा काढावा असे ठरवले. प्रश्न बहुतेकांचा सारखाच असतो. नाताळच्या सुट्टीत आठवडाभर यायचे आहे, स्कीइंग शिकायचे आहे, ध्रुवप्रकाश पाहायचा आहे आणि जमल्यास मुलांना सांताक्लॉजही दाखवायचा आहे, तर कुठे राहावे? मी नऊ वर्षांपासून एस्पोमध्ये, म्हणजे हेलसिंकीला खेटून असलेल्या शहरात राहतो, आणि या काळात ॲकॅसलोंपोलो या एकाच गावी चार वेळा गेलो आहे, दोनदा डिसेंबरात आणि दोनदा मार्चमध्ये. त्या अनुभवावरून सांगतो, की कुठे राहावे हा प्रश्न दुय्यम असून केव्हा यावे हा खरा प्रश्न आहे, आणि ज्याला बर्फावर खरोखर काही करायचे आहे त्याने नाताळ सोडून मार्च धरावा.

आधी गावाविषयी. ॲकॅसलोंपोलो हे फिनलंडच्या वायव्य भागात, कोलारी नगरपालिकेच्या हद्दीत, त्याच नावाच्या तळ्याकाठी वसले आहे आणि आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस शंभर किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर येते. गावाभोवती सात तुंतुरी आहेत. तुंतुरी म्हणजे हिमयुगात घासून घासून गोल झालेला, माथ्यावर झाड नसलेला डोंगर. त्यांतला सर्वांत उंच युल्लास, त्याची उंची ७१८ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, त्यामुळे सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला युल्लास पाहून पहिल्यांदा हसूच येते. मात्र फिनलंडमधला हा सर्वांत मोठा उतार आहे. वरून खालपर्यंत ४६३ मीटरचा फरक पडतो, साठाहून अधिक आखलेले उतार आहेत आणि सर्वांत लांब उतार तीन किलोमीटरचा आहे. आल्प्समधून आलेल्या मुरलेल्या स्कीपटूला हे किरकोळ वाटेल. आपल्यासारख्या, वयाच्या पस्तिशीत पहिल्यांदा पायाला फळ्या बांधणाऱ्या माणसाला एवढे जन्मभर पुरते.

शिवाय इथले लोक स्कीइंग म्हटले की आधी उतार आठवत नाहीत. त्यांच्या मनात येते ते सपाटीवरचे, जंगलातून मैलोन्‌मैल जाणारे स्कीइंग. त्यासाठी यंत्राने बर्फ दाबून, त्यात दोन समांतर चरे पाडून केलेल्या वाटेला लातु म्हणतात. युल्लासच्या परिसरात अशा सुमारे ३३० किलोमीटर वाटा आहेत आणि त्यांतल्या कितीतरी पाल्लास-युल्लासतुंतुरी राष्ट्रीय उद्यानातून जातात. हे उद्यान २००५ मध्ये जुन्या पाल्लास-ओउनासतुंतुरी उद्यानाला युल्लासचा परिसर जोडून तयार झाले. वाटेत लाकडी खोपटी आहेत, त्यांत चूल आहे, सरपण रचून ठेवलेले आहे, आणि ते कोणीही वापरावे अशी रीत आहे. एक पथ्य मात्र पाळावे लागते. लातुवर पायी चालायचे नाही. चऱ्यांत बुटाचा ठसा उमटला की मागून येणारा धडपडतो. इथे कोणी ओरडत नाही, पण थांबून ज्या नजरेने पाहतात ती ओरडण्यापेक्षा वाईट असते.

आता माझा पहिला डिसेंबर. आईवडील साताऱ्याहून आले होते आणि त्यांना बर्फ दाखवायचा म्हणून मी २३ ते ३० डिसेंबर असे लाकडी घर घेतले होते. या अक्षांशावर त्या दिवसांत सूर्य क्षितिजावर येतच नाही. या काळाला फिनिश भाषेत कामोस म्हणतात. पूर्ण काळोख नसतो हे आधी सांगायला हवे. दहाच्या सुमारास आभाळ निळे होऊ लागते, दुपारी बाराला दक्षिणेकडे गुलाबी पट्टा दिसतो आणि दोन-अडीचनंतर पुन्हा निळे, मग काळे. पहिले दोन दिवस आई खिडकीतून हलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, की आपण रोज संध्याकाळचा चहा दोनदा का घेतो आहोत.

त्या आठवड्यात पारा उणे ३१ पर्यंत गेला. मुलीचा स्कीइंगचा वर्ग दिव्यांच्या उजेडात झाला, पाऊण तासात तिची बोटे बधिर झाली आणि उरलेले धडे आम्ही सोडून दिले. कुत्र्यांच्या गाडीची फेरी थंडीमुळे आयोजकांनी रद्द केली, ते योग्यच केले, पण पैसे परत मिळायला दोन महिने गेले. त्यात मी स्वतःची एक फजिती करून घेतली. इथे वाहनतळावर प्रत्येक गाडीसमोर विजेचा खांब असतो आणि गाडीच्या नाकाडातून निघणारी वायर त्याला जोडून इंजिन आधी गरम करायचे असते. गाडी भाड्याने देणाऱ्याने हे सांगितले होते, मी मान डोलावली होती आणि रात्री विसरलो. सकाळी गाडी खाकरलीसुद्धा नाही. मी बॉनेट उघडून उगाच आत पाहत होतो, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक साठीचे गृहस्थ आले, त्यांनी स्वतःची वायर काढून माझ्या गाडीला लावली, घड्याळाकडे बोट दाखवले, दोन बोटे वर केली आणि एक शब्दही न बोलता घरात निघून गेले. दोन तासांनी गाडी सुरू झाली. आभार मानायला गेलो तर त्यांनी दारातूनच मान हलवली.

याच गावी मी पुढे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा हे तेच ठिकाण आहे यावर माझा विश्वास बसेना. बारा तासांचा दिवस होता आणि उणे आठ तापमानात ऊन अंगावर पडत होते. लॅपलँडमध्ये बर्फाचा थर सर्वांत जाड होतो तो मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, त्यामुळे डिसेंबरात जिथे झुडपे टोचत होती तिथे आता नुसती पांढरी दुलई होती. फिन लोक या ऋतूला वेगळे नाव देतात, केव्हॅत्ताल्व्ही, म्हणजे वसंतातला हिवाळा, आणि स्वतःची स्कीची सुट्टी ते याच काळात काढतात. लातुच्या कडेला बर्फात खणून केलेल्या बाकावर सत्तरीचे आजी-आजोबा रेनडिअरचे कातडे अंथरून, डोळे मिटून, उन्हाकडे तोंड करून बसलेले असतात. थर्मासमधली कॉफी आणि सोललेले संत्रे एवढाच त्यांचा सरंजाम. माझ्या मुलीने त्या आठवड्यात चार दिवसांत वळणे घ्यायला शिकून घेतले, कारण तिला आपण कुठे चाललो आहोत हे दिसत होते.

तारखांबाबत एक सूचना. फिनलंडच्या शाळांना हिवाळ्याची सुट्टी विभागवार, वर्षाच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या आठवड्यांत मिळते. त्या तीन आठवड्यांत घरे मिळत नाहीत आणि मिळाली तर परवडत नाहीत. दहावा आठवडा उलटल्यावर यावे, आणि ईस्टर कधी आहे ते पाहून ते चार दिवसही टाळावेत.

ध्रुवप्रकाशाचे काय, असे आता सगळे विचारतील. तो मार्चमध्येही दिसतो. ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, रात्र काळी असेल आणि आभाळ मोकळे असेल तर तो दिसण्याची शक्यता असते. डिसेंबरात रात्र लांब असते हे खरे, पण त्या महिन्यात ढगही पुष्कळ असतात. माझ्या दोन्ही डिसेंबरांत मिळून एकच रात्र लाभली, मार्चमध्ये पाच.

माळरान

उंबरठा, धागा अगदी वेळेवर आला. आम्ही पुण्याहून चौघे जण येण्याच्या विचारात आहोत. मी, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई. प्रवास कंपनीने २२ ते २९ डिसेंबर असा कार्यक्रम दिला आहे आणि आगाऊ रक्कम या आठवड्यात भरायची आहे. तुम्ही मार्च म्हणता, ते पटते, पण भारतात मार्च म्हणजे परीक्षा. शाळा बुडवून बर्फ पाहायला नेले तर मुलगा खूश होईल, मुख्याध्यापक होणार नाहीत. दुसरा प्रश्न आईचा. ती स्की करणार नाही हे उघड आहे, मग आठवडाभर तिने घरात बसून काय करावे?

अंधारयात्री

धागाकर्त्याच्या मताचा आदर ठेवून मी पूर्ण विरुद्ध बाजू मांडतो. ऊन, निळे आभाळ आणि पांढरे डोंगर हे स्वित्झर्लंडमध्येही मिळते आणि गुलमर्गलाही मिळते. आर्क्टिक वृत्तापलीकडे जाऊन जे मिळते आणि दुसरीकडे मिळत नाही ते म्हणजे कामोस. मी तीन वर्षांपूर्वी याच भागात १५ डिसेंबरपासून दहा दिवस एकटा राहिलो. केल्लोस्तापुली या तुंतुरीच्या उतारावरची सूचिपर्णी झाडे त्या काळात बर्फ आणि दहिवर यांच्या थरांनी इतकी लडबडतात, की झाडाचा आकारच उरत नाही, घोंगडी पांघरून उभी असलेली माणसे वाटतात. या भाराला त्युक्क्यु म्हणतात. दुपारी बाराच्या निळ्या उजेडात त्यांच्यामधून चालताना स्वतःच्या बुटांचा आवाज सोडून काहीही ऐकू येत नव्हते, आणि थांबलो की तोही बंद.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी सहलीच्या पत्रकांत कुणी लिहीत नाही. सूर्य जेव्हा क्षितिजाखाली अडकलेला असतो, तेव्हा पौर्णिमेचा चंद्र त्याच्या उलट वागतो. डिसेंबरच्या पौर्णिमेला तो आभाळात उंच असतो आणि माझ्या मुक्कामात दोन दिवस तो मावळलाच नाही, नुसता गोल फिरत राहिला. बर्फ इतका उजळला होता, की विजेरी खिशातून काढावी लागली नाही. दिवस नसलेल्या गावात चंद्र मावळत नाही, हे पाहायला मी पुन्हा उणे तीसमध्ये जाईन. फक्त नाताळचा आठवडा टाळावा, या एका मुद्द्यावर मी धागाकर्त्याशी सहमत आहे. त्या दिवसांत इंग्लंडहून विमाने भरभरून येतात आणि शांतता शोधावी लागते.

उंबरठा

अंधारयात्री, चंद्राचा मुद्दा मान्य आणि मनापासून मान्य. एकट्याने, चालण्यासाठी आणि गप्प राहण्यासाठी यायचे असेल तर कामोसला तोड नाही. मी लिहिले ते मुलेबाळे, म्हातारी माणसे आणि स्कीची फळी घेऊन येणाऱ्यांसाठी. त्या माणसांना निळ्या उजेडाचे कौतुक दोन दिवस पुरते आणि उरलेले पाच दिवस ती फोन पाहत बसतात.

माळरान, परीक्षेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, त्याबद्दल क्षमस्व. मुलाची शाळा केंद्रीय मंडळाची असेल तर वार्षिक परीक्षा आणि एप्रिलमध्ये सुरू होणारे नवे वर्ष यांच्यामध्ये मार्चअखेरचे काही दिवस बहुधा मोकळे सापडतात, आणि बर्फासाठी तो वर्षातला सर्वोत्तम आठवडा आहे. राज्य मंडळाच्या शाळांची परीक्षा एप्रिलमध्ये लांबते, ती संपेपर्यंत इथे बर्फ दुपारी पाणी होऊ लागतो. उतार मेच्या सुरुवातीपर्यंत चालू असतात, पण त्या वेळी पहिल्यांदा येण्यात मजा नाही. अशा वेळी फेब्रुवारीचा पहिला आठवडा हा मधला मार्ग आहे. दिवस सहा-सात तासांचा होतो, फिन शाळांच्या सुट्ट्या अजून लागलेल्या नसतात. थंडी मात्र जानेवारीसारखीच समजा. आईंविषयी सविस्तर लिहायचे आहे, रात्री लिहितो.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे आणि नॉर्वेच्या उत्तर भागात चार हिवाळे काढले आहेत, म्हणून थंडीविषयी थोडे लिहितो. फिनलंडमधला नोंदलेला नीचांक उणे ५१.५ अंश असून तो २८ जानेवारी १९९९ रोजी कित्तिला नगरपालिकेतल्या पोक्का या वस्तीत नोंदला गेला, म्हणजे धाग्यातल्या गावाच्या शेजारच्याच तालुक्यात. जानेवारी २०२४ मध्येही त्याहून उत्तरेकडच्या एनोंतेकिओला उणे ४४ च्या खाली पारा गेला होता. असे दिवस मोजके असतात, पण तुमच्या सुट्टीतच येणार नाहीत याची हमी कुणी देत नाही.

अशा दिवशी एक युक्ती उपयोगी पडते. जड, थंड हवा दरीत आणि तळ्यावर साचून राहते आणि डोंगरावरची हवा तिच्यापेक्षा गरम असते. वारा नसलेल्या दिवशी गावात उणे ३० असताना माथ्यावर उणे १५ असू शकते. घरात कुडकुडत बसण्यापेक्षा लिफ्टने वर जावे. वारा असेल तर मात्र हे गणित उलटते, कारण वाऱ्यात उघडी त्वचा काही मिनिटांत गोठते. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर पांढुरका ठिपका दिसला तर तो स्वतःला कळत नाही, म्हणून जोडीजोडीने एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहावे. ठिपका चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये, उबदार तळहात त्यावर धरून आडोशाला जावे.

कपड्यांत एकच चूक भारतीय प्रवासी हमखास करतात, ती म्हणजे आत सुती बनियन. सूत घाम पिऊन ठेवते आणि थांबलात की तेच ओले कापड अंगावर गार पडते. अंगाला लागून पातळ लोकर, तिच्यावर जाड लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा अडवणारे कापड असावे. हातमोज्यांत बोटे वेगळी नसलेले पंजे घ्यावेत. बूट एक माप मोठे घ्यावेत. दोन जोड मोजे घालून बूट आवळला तर रक्तच पोचत नाही आणि मग कितीही लोकर घातली तरी पाय गारच राहतो. दमा असलेल्यांनी तोंडावर पातळ कापड घ्यावे आणि औषधाचा पंप आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. फोनही तिथेच ठेवावा, कारण थंडीत त्याची बॅटरी बघता बघता मान टाकते.

रूळबदल

गावी पोचण्याच्या वाटेविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून रेल्वेवेडा या नात्याने ही सेवा माझ्याकडे घेतो. विमानाने कित्तिलाला उतरून बसने जाता येते, तो सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता आहे. पण वेळ असेल तर हेलसिंकीहून कोलारीची रात्रीची गाडी घ्यावी. संध्याकाळी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. कोलारी हे फिनलंडमधले सर्वांत उत्तरेचे प्रवासी स्थानक आहे. डब्यांत दोन खाटांच्या खोल्या असतात, वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना स्वतःचे न्हाणीघरही असते, आणि गाडीलाच मोटारी वाहून नेणारे डबे जोडलेले असतात, त्यामुळे दक्षिणेतली कुटुंबे स्वतःची मोटार आणि छतावरच्या स्कीसकट निघतात. रुळांची रुंदी १५२४ मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या १६७६ पेक्षा कमी, तरी बर्थवर पाय ताणून झोपता येते हे कोकणकन्येच्या वरच्या बर्थवर वर्षानुवर्षे घडी घालून झोपलेला माणूस तुम्हांला शपथेवर सांगतो.

तोर्निओच्या पुढे वर विजेची तार नाही. त्या भागात डिझेल इंजिन गाडी ओढते, डावीकडे तोर्ने नदी गोठलेली दिसते आणि नदीपलीकडचा काठ म्हणजे स्वीडन. पेल्लोच्या अलीकडे आर्क्टिक वृत्त ओलांडले जाते. मार्चमध्ये गेलात तर हा सगळा पट्टा उजेडात दिसतो, डिसेंबरात खिडकीत स्वतःचाच चेहरा. स्थानकावर गाडीला जोडून बस उभी असते.

ताटवाटी

शाकाहारी लोकांसाठी लिहिते, कारण आम्ही गेलो तेव्हा आमचे हाल झाले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, खवा, पनीर आणि घरचे तूपसुद्धा यात येते. माझ्या सासूबाईंचा साजूक तुपाचा डबा विमानतळावर गेला, तो प्रसंग घरात अजून निघतो. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि तेलातल्या दशम्या मात्र सुखाने पोचल्या. राहायला हॉटेलऐवजी लाकडी घर घ्यावे, त्यात स्वयंपाकघर, भांडी आणि कपडे वाळवायचे गरम कपाट सगळे असते. गावातल्या दुकानात डाळी, तांदूळ, बटाटे, कोबी, दही आणि उत्तम लोणी मिळते, तेव्हा तूप कढवता येतेच.

बाहेर खायचे झाले तर लेइपॅयूस्तो चुकवू नये. हे भाजलेले, डागाळलेले, खाताना दातांखाली कुरकुर वाजणारे ताजे चीज असते आणि त्यावर हिल्ला या दलदलीत उगवणाऱ्या सोनेरी बोरांचा मुरंबा घालतात. नाताळात सगळीकडे रीसिपूरो मिळतो, म्हणजे दुधात मंद आचेवर शिजवलेला भात, वर दालचिनी आणि साखर. आपल्या खिरीची ही सपक मावसबहीण. पातेल्यात एकच बदाम टाकतात आणि तो ज्याच्या वाटीत येईल त्याला वर्ष चांगले जाते असे मानतात. मांसाहारी मंडळींसाठी रेनडिअरच्या मांसाचे पातळ काप, कुस्करलेला बटाटा आणि आंबट लिंगोनबेरी हे ठरलेले ताट आहे.

पायवाट

रेनडिअरचा विषय निघाला म्हणून लिहितो. रस्त्यात उभे असलेले रेनडिअर रानटी नसतात. प्रत्येकाच्या कानाला मालकाच्या खुणेचे छेद असतात. एखाद्या पाळणाऱ्याला तुमच्याकडे रेनडिअर किती, असे विचारू नये. बँकेत पैसे किती, असे विचारल्यासारखे ते होते. दुसरे असे, की सहलीच्या छायाचित्रांत निळ्या-लाल कपड्यांतले जे 'लॅप' दाखवतात, त्यांचे स्वतःचे नाव सामी आहे आणि जुने नाव त्यांना अपमानास्पद वाटते. फिनलंडमधला सामींचा अधिकृत प्रदेश एनोंतेकिओ, इनारी, उत्स्योकी आणि सोदानकुलाचा उत्तर भाग असा आहे. कोलारी त्यात येत नाही. फिनलंडमध्ये सामी नसलेल्यांनाही रेनडिअर पाळता येतात आणि युल्लासजवळ ते बहुतेक फिन कुटुंबांकडेच असतात. सामी जीवन जाणून घ्यायचे असेल तर इनारीचे सिदा हे संग्रहालय पाहावे, पोशाख घालून फोटो काढू देणाऱ्या तंबूत जाऊ नये.

माळरान

सर्वांचे आभार. प्रवास कंपनीला आगाऊ रक्कम भरणे थांबवले आहे. मुलाची शाळा केंद्रीय मंडळाचीच आहे, त्यामुळे मार्चअखेर जमू शकते. एक शंका राहते. आमचे एक स्नेही म्हणतात, की एवढा खर्च करण्यापेक्षा गुलमर्गला जा, डोंगर कितीतरी उंच आणि बर्फ फुकट. यावर काय म्हणाल? आणि आईचे उत्तर अजून यायचे आहे.

उंबरठा

तुमचे स्नेही बरोबर सांगतात. केवळ उतारावरचे स्कीइंग करायचे असेल तर गुलमर्गच्या अफरवटचा उतार युल्लासच्या कितीतरी पट मोठा आहे आणि खर्चही कमी. इथे येण्याचे कारण दुसरे असावे लागते. दारातून बाहेर पडून, घराच्या पायरीवरच स्की बांधून, दिवसभर जंगलातून फिरून, वाटेतल्या खोपटीत चूल पेटवून, संध्याकाळी सौनामध्ये, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत, शिरायचे, असा दिवस हवा असेल तर इथे यावे.

आता तुमच्या आईंविषयी. माझी आई अडुसष्ट वर्षांची असताना दुसऱ्यांदा, मार्चमध्ये आली, त्यामुळे हे अनुभवाने लिहितो. सौना प्रत्येक लाकडी घरात असतो. सुमारे छप्पन्न लाख लोकवस्तीच्या या देशात सुमारे तीस लाख सौना आहेत, असे म्हणतात. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकले की जी वाफेची लाट अंगावर येते तिला लोयलु म्हणतात. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारावे, खालच्या बाकावर बसावे आणि पाच-सात मिनिटांत बाहेर यावे. माझ्या आईने पहिल्या दिवशी नाक मुरडले, दुसऱ्या दिवसापासून तिचे गुडघे रोज सौना मागू लागले.

चालण्यासाठी केल्लोकस या उद्यान केंद्रापासून वार्कानकुरु नावाच्या घळीकडे जाणारी छोटी वाट आहे. हिवाळी चालण्यासाठी बर्फ दाबून केलेल्या वाटा वेगळ्या आखलेल्या असतात, त्यांवर म्हातारी माणसेही निर्धास्त चालतात. बुटांना खाली खिळ्यांची पट्टी लावून घ्यावी, ती गावातल्या दुकानात मिळते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. इथे पोत्कुकेल्क्का नावाचे एक वाहन असते. दोन लांब, लवचीक लोखंडी पट्ट्या, त्यांवर पुढे लाकडी खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीला हातात धरायचा दांडा. मागे एका पट्टीवर एक पाय ठेवायचा, दुसऱ्या पायाने जमिनीला रेटा द्यायचा, की गाडी सरकते. गावातल्या म्हाताऱ्या बायका दुकानात याच्यावरूनच येतात, खुर्चीत भाजीची पिशवी नाहीतर नातवंड ठेवतात. अनेक घरांच्या ओसरीत भाडेकरूंसाठी एक ठेवलेले असते, घर घेताना विचारून ठेवा. तळ्याभोवतीच्या सपाट वाटेवर मी आईला खुर्चीत बसवून, गुडघ्यांवर घोंगडे टाकून रोज सकाळी तासभर फिरवत असे. तिच्या मते सहलीतला तोच सर्वांत चांगला भाग होता.

अंधारयात्री

पोत्कुकेल्क्काला दुजोरा. उतारावर मात्र सांभाळा, तिला ब्रेक म्हणजे फक्त तुमच्या टाचा.

माळरान

कळवण्यास आनंद होतो, की २३ ते ३० मार्च असे लाकडी घर घेतले, तळ्याच्या काठी, सौना आणि पोत्कुकेल्क्का असलेले. हेलसिंकीहून रात्रीची गाडी धरणार आहोत, रूळबदल यांनी सांगितल्याप्रमाणे वरच्या मजल्यावरच्या खोल्या मिळाल्या. भाजणी आणि मेतकुटाची यादी पत्नीने ताटवाटी यांच्या प्रतिसादावरून उतरवून घेतली आहे.

आईला काल तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. खुर्चीत बसून, घोंगडे घेऊन फिरण्याचे ऐकल्यावर ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, की त्या गावातल्या म्हाताऱ्या पुढे बसतात की मागे उभ्या राहतात. मी म्हटले, मागे उभ्या राहतात. त्यावर तिचे म्हणणे असे, की मग पुढे पिशवी ठेवा.